काजवे आणि कवडसा: काचेच्या पेल्याच्या एका रेंडरचं प्रकरण

संगणकात त्रिमितीत रचलेला सीन, ज्यावरून रेंडरर हा प्रोग्राम उजेडाचा हिशेब करून चित्र काढतो, ऐकायला अगदी साधा होता. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली. एक खिडकी, खिडकीलगत लाकडी टेबल, आणि टेबलावर अर्ध्याहून जरा जास्त भरलेला पाण्याचा काचेचा पेला. खिडकीतून तिरपं ऊन येतं, पेल्यातून आरपार जातं, आणि पलीकडे टेबलावर त्या उन्हाचा झळाळता, लाटेसारखा वळलेला कवडसा पडतो. चित्राचा खरा विषय तो कवडसाच होता. रेंडरिंगच्या भाषेत त्याला कॉस्टिक म्हणतात. मी इथे कवडसाच म्हणेन, कारण डोळ्यांसमोर चटकन तेच उभं राहतं.

सहकाऱ्याने सगळी मांडणी एकट्याने केली होती आणि रात्री रेंडर लावून घरी गेला होता. सकाळी मी पोचले तेव्हा तो स्क्रीनसमोर गप्प बसलेला. म्हणाला, "ताई, नऊ तास चाललं, तरी कवडसा आलाच नाही. आणि हे ठिपके बघा."

चित्रात टेबलावर पेल्याची सावली होती, पण ती काळीकुट्ट होती. काचेची नव्हे, लोखंडाच्या पेल्याची वाटावी अशी. त्या सावलीत आणि आसपासच्या भिंतीवर पांढरे, टोचणारे ठिपके विखुरले होते. आम्ही त्यांना काजवे म्हणतो. पाणी निळसर-हिरवं दिसत होतं. खोलीच्या कोपऱ्यांत बारीक दाणे होते. एकाच चित्रात इतक्या तक्रारी असल्या की माणूस एकेक सेटिंग घेऊन ओढत बसतो, आणि त्याने तेच केलं होतं. दुसऱ्या रात्री त्याने क्लॅम्पिंग चालू केलं, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडची चमक कापून टाकायला सांगितलं. वर डीनॉइझर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारा प्रोग्राम, लावला. काजवे गेले, चित्र गुळगुळीत झालं, सावली मात्र काळीच राहिली. तिसऱ्या रात्री तो सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे सोडायचे किरण, दुप्पट करणार होता. त्याला मी थांबवलं.

रेंडरर होता लक्सकोअररेंडर. संशोधनासाठी लिहिलेल्या पीबीआरटी या प्रोग्रामच्या कोडमधून २००७ साली लक्सरेंडर निघाला, आणि पुढे त्याचं इंजिन नव्याने लिहून लक्सकोअररेंडर झाला. तो अपाची २.० परवान्याखाली खुला आहे. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या प्रोग्राममधून चालवता येतो, आणि मला विशेष आवडणारी गोष्ट म्हणजे सगळी मांडणी दोन साध्या मजकूर-फाइलींत बाहेर काढता येते. एकीत इंजिन, सॅम्पलर (किरण कसे निवडायचे), फिल्म (चित्र कसं साठवायचं), किरणांची खोली (किती उसळ्यांपर्यंत जायचं). दुसरीत कॅमेरा, दिवे, मटेरियल, वस्तू. प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक किंमत. त्या फाइली शेजारी-शेजारी उघडल्या की काल आणि आज यांत नेमकं काय बदललं ते दिसतं. तपासाला बसायचं तर बटणांच्या पॅनेलपेक्षा हे कितीतरी बरं.

काजवे म्हणजे काय

मी आधी एकही सेटिंग बदललं नाही. पहिल्या रात्रीचं, क्लॅम्पिंग नसलेलं चित्र ईएक्सआर फाइलमध्ये जपलेलं होतं. ही फार मोलाची गोष्ट. पीएनजीमध्ये चमक एका कमाल मर्यादेवर छाटली जाते. काजवा खऱ्या उजेडाच्या पन्नासपट असो की पाचशेपट, फाइलीत तो नुसता पांढरा. ईएक्सआरमध्ये खरा आकडा तसाच राहतो.

ते १९२० बाय १०८० चं चित्र मी सरासरी काढत बत्तीसपट लहान केलं. म्हणजे ३२ बाय ३२, एकूण १,०२४ पिक्सेलांचा एक पिक्सेल. साठ पिक्सेल रुंदीचं, टपाल-तिकिटाएवढं चित्र उरलं. आणि त्या तिकिटावर, पेल्याच्या काळ्या सावलीच्या मधोमध, कवडसा होता. ओबडधोबड, पायऱ्यापायऱ्यांचा, पण वळण बरोबर आणि जागाही बरोबर.

सहकारी खुर्चीतून पुढे झुकला. कवडसा आलाच नव्हता असं नाही. तो काजव्यांच्या रूपात सुटा सुटा होऊन पसरला होता.

हे असं का होतं ते समजून घेण्यासाठी एका किरणाच्या मागे जावं लागतं. १९८६ साली जेम्स कजिया यांनी रेंडरिंगचं समीकरण मांडलं आणि त्याच लेखात पाथ ट्रेसिंगची पद्धतही दिली. आजचे बहुतेक वास्तवदर्शी रेंडरर त्याच वाटेने जातात: किरण कॅमेऱ्यातून निघतो, कुठेतरी आदळतो, तिथून यदृच्छेने एखाद्या दिशेला उसळतो, पुन्हा आदळतो. प्रत्येक आदळण्याच्या जागी रेंडरर विचारतो, "इथून सूर्य दिसतो का?" आणि सूर्याकडे एक सरळ तपासणी-किरण सोडतो.

आता टेबलावरचा, पेल्याच्या सावलीतला एक बिंदू घ्या. तिथून सूर्याकडे सोडलेला सरळ किरण वाटेत काचेला आदळतो. काच किरण वाकवते, त्यामुळे सरळ रेषेत सूर्यापर्यंत पोचण्याचा मार्ग खोटा ठरतो. उत्तर येतं, "दिसत नाही." म्हणून सावली काळी. उरतो एकच उपाय: टेबलावरून यदृच्छेने उसळलेला किरण नेमका पेल्यात शिरावा, काच आणि पाण्यातून वाकत वाकत बाहेर पडावा, आणि बाहेर पडताना त्याची दिशा बरोबर सूर्याच्या तबकडीवर लागावी.

आकाशात सूर्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. टेबलावरच्या बिंदूभोवती जो अर्धगोल आहे त्याचा हा साधारण ९० हजारावा हिस्सा. आमच्या चित्रात पिक्सेलमागे सुमारे १,२०० सॅम्पल झाले होते. हिशेब केला तर दर ऐंशी पिक्सेलांमागे एखाद्यालाच सूर्य सापडणार, आणि ज्याला सापडला त्याला ऐंशी पिक्सेलांच्या वाट्याचा उजेड एकट्याला मिळणार. तोच काजवा. बाकीचे एकोणऐंशी काळे.

वेळ वाढवून हे सुटेल का? एका पिक्सेलमध्ये सूर्य शंभरदा सापडला तर दाणे साधारण दहा टक्क्यांवर येतात. त्यासाठी पिक्सेलमागे ९० लाखांहून जास्त सॅम्पल लागतील. नऊ तासांत १,२०० होत असतील, तर याच गतीने आठ वर्षं. सॅम्पल दुप्पट करून काय साधणार होतं ते या एका आकड्यात दिसलं.

क्लॅम्पिंगबद्दलही तेव्हाच उलगडा झाला. कवडशाचा सगळा उजेड काजव्यांमध्येच साठलेला होता. चमक छाटली तेव्हा काजव्यांबरोबर कवडसाच छाटला गेला. क्लॅम्प केलेलं चित्र मी तसंच बत्तीसपट लहान केलं, तर सावलीत काहीच नव्हतं. डीनॉइझरचाही दोष नाही. इंटेलने २०१९ मध्ये खुला केलेला ओपन इमेज डीनॉइझ विलक्षण चांगलं काम करतो, पण त्याच्यासमोर ठेवलेल्या चित्रात कवडसाच नसेल तर तो कुठून आणणार?

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. दाणे दोन जातींचे असतात आणि ते ओळखल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये. खोलीच्या कोपऱ्यांतले बारीक, सर्वत्र सारखे दाणे म्हणजे मार्ग सापडतोय, फक्त मोजणी अजून पुरी झालेली नाही. तिथे थांबलं की काम होतं. सॅम्पल चौपट केले की दाणे निम्मे होतात. पण काळ्यावर विखुरलेले एकटे, झगझगीत ठिपके म्हणजे या प्रकारचा मार्ग हे इंजिन चुकूनमाकूनच शोधतंय. तिथे वाट पाहणं म्हणजे चुकीच्या दाराशी उभं राहणं. मार्ग बदलावा लागतो.

इंजिनाआधी सीन

मार्ग बदलण्यापूर्वी सीन निरोगी आहे का ते पाहिलं. हे मी कधीच सोडत नाही, कारण बिघडलेल्या सीनवर कुठलंही इंजिन खोटंच उत्तर देतं.

पाणी निळसर-हिरवं का होतं? सहकाऱ्याने पाण्याच्या शोषणाचे खरे आकडे घातले होते, तेव्हा रंग न दिसणंच अपेक्षित होतं. मी पेल्याची उंची मोजली: बारा. मॉडेल सेंटिमीटरमध्ये केलेलं होतं आणि रेंडरर एककाला मीटर समजत होता. म्हणजे बारा मीटर उंच पेला, आठ मीटर रुंद. शुद्ध पाणी लाल रंगाचा उजेड थोडा थोडा शोषत जातं. आठ सेंटिमीटरमध्ये ते डोळ्याला कळत नाही, आठ मीटरमध्ये लाल जवळपास संपतो. रेंडररने चोख भौतिकशास्त्र केलं होतं, मोठ्या तलावाचं. सगळा सीन शंभरपट लहान केला आणि पाणी नितळ झालं. त्याने मध्यंतरी वैतागून शोषण शून्य करायचा विचार केला होता. तसं केलं असतं तर खूण पुसली गेली असती आणि मूळ चूक तशीच राहिली असती.

खिडकीची काच हा दुसरा प्रश्न. ती एका पातळ, जाडी नसलेल्या पत्र्यासारखी काढलेली होती आणि तिला साधं काचेचं मटेरियल दिलं होतं. अशा काचेत किरण शिरतो, पण बाहेर पडायला दुसरा पृष्ठभागच नसतो. रेंडररच्या लेखी अख्खी खोली काचेच्या आत. शिवाय खिडकीची काच खरी असली तर वरची सगळी अडचण खोलीभर होते, कारण प्रत्येक तपासणी-किरण त्या काचेवर अडतो. सपाट काचेतून जाणारा किरण जरासा बाजूला सरकतो, पण दिशा तीच राहते, म्हणून इथे वाकवण्याची काही गरज नाही. लक्सकोअरमध्ये यासाठीच स्थापत्य-काच नावाचं मटेरियल आहे: प्रतिबिंब देतं, पण किरणांना सरळ जाऊ देतं आणि तपासणी-किरणांनाही अडवत नाही. तेवढा बदल केला आणि खोलीतला निम्मा गोंधळ शमला.

पेल्याला मात्र ही सवलत देता येत नाही. त्याचं वाकवणं हाच तर विषय.

आता पाणी आणि काच जिथे भेटतात ती जागा. माझ्या मते काचेच्या भांड्यातल्या द्रवाचे निम्मे रेंडर इथेच फसतात. त्याने पाण्याचा आकार पेल्याच्या आतल्या भिंतीपेक्षा केसभर लहान ठेवला होता, जेणेकरून पृष्ठभाग एकमेकांत घुसू नयेत. दिसायला हे नीटनेटकं, पण त्या केसभर जागेत हवा असते. पाण्यातून बाहेर पडू पाहणारा किरण हवेला भेटतो आणि मोठ्या कोनातून आला तर पूर्ण परावर्तित होतो. त्यामुळे पेल्याच्या आत पारा लावल्यासारखी चंदेरी झाक येत होती. खऱ्या पेल्यात पाणी काचेला चिकटलेलं असतं. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, पाण्याचा १.३३, समोरून येणाऱ्या उजेडापैकी हवा आणि काच यांच्या सीमेवर चार टक्के परततो, काच आणि पाण्याच्या सीमेवर अर्धा टक्काही नाही. ती सीमा जवळजवळ अदृश्य असायला हवी.

दोन्ही पृष्ठभाग अगदी एकाच जागी ठेवले तर वेगळीच आफत: कुठला आधी लागला हे आकडेमोडीच्या शेवटच्या अंकावर ठरतं आणि काळे डाग पडतात. उपाय असा की पाणी मुद्दाम काचेच्या भिंतीत मिलिमीटरभर घुसवायचं, आणि दोन्ही घनभागांना प्राधान्यक्रम द्यायचा. लक्सकोअरमध्ये ज्याचा क्रमांक मोठा त्याचं राज्य. काचेला वरचा क्रमांक, पाण्याला खालचा. जिथे दोन्ही आहेत तिथे काच. सीमा एकच उरते आणि तीही बरोबर जागी. पेला आणि पाणी दोन्ही बंद आकार आहेत, नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागांच्या दिशा, बाहेरच्या बाजूला आहेत, एवढं तपासलं. चंदेरी झाक गेली.

भिंतींचा पांढरा रंग ०.९८ होता, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी ९८ टक्के परत फेकणारा. घरातल्या भिंतीला असा रंग नसतो. साधी पांढरी भिंत ०.७५ ते ०.८ च्या आसपास असते. ०.९८ च्या भिंतीवर दहा वेळा उसळूनही ८० टक्क्यांहून जास्त उजेड शिल्लक राहतो, किरण संपतच नाहीत. ०.७५ केलं की दहा उसळ्यांत सहा टक्क्यांच्या आत येतो. खोलीला आकार आला, कोपरे कोपरे वाटू लागले, आणि रेंडरही हलका झाला.

प्रकाश उलट्या बाजूने

आता मूळ प्रश्न. कॅमेऱ्यातून निघालेल्या किरणाला सूर्य सापडत नसेल, तर सूर्याकडून निघावं. सूर्यापासूनचा किरण पेल्यावर पडतो, काच-पाणी वाकवतात तसा वाकतो, टेबलावर पडतो, आणि तिथून कॅमेऱ्याकडे सरळ रेषा जोडायची. त्या रेषेत काच नाही, म्हणजे जोडणी खरी. लक्सकोअरच्या पाथ इंजिनात ही सोय जोडीला चालू करता येते: बाकी सगळा उजेड कॅमेऱ्याकडून, फक्त कवडसे प्रकाशाकडून. एकूण सॅम्पलपैकी पाचवा हिस्सा या कामाला दिला. क्लॅम्पिंग बंद. चाचणीला चित्राचा आकार पाव, आणि फक्त टेबलाचा तुकडा.

वीस मिनिटं थांबलो. सावलीत मोजून सात-आठ ठिपके. कवडसा नाही.

खरं सांगायचं तर इथे मी थोडी गोंधळले. पद्धत बरोबर होती, सीन निरोगी होता. मग मी सीनचा एकूण आकार विचारला, आणि आकडा आला एक किलोमीटर. खिडकीतून क्षितिज दिसावं म्हणून सहकाऱ्याने बाहेर जमिनीची एक प्रचंड चकती ठेवली होती. सगळं शंभरपट लहान करूनही तिचा व्यास किलोमीटरभर उरला होता.

सूर्य अनंतावर आहे असं धरलं जातं, त्यामुळे त्याचे किरण कुठून सोडायचे हे रेंडरर सीनच्या एकूण आकारावरून ठरवतो. अख्ख्या सीनला कवेत घेणारा गोल घ्यायचा आणि त्या गोलाच्या रुंदीभर किरण पाडायचे. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७ लाख ८५ हजार चौरस मीटर. सूर्याकडून पाहिलं तर पेल्याचं क्षेत्रफळ जेमतेम ०.०१ चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ आठ कोटी किरणांतला एक पेल्यावर पडत होता. बाकी सगळे ओसाड जमिनीवर.

कॅमेरा टेबलाकडे खाली पाहत होता. क्षितिज चौकटीत येतच नव्हतं. जमीन काढून टाकली. पूर्ण नाही. खिडकीबाहेर तीन मीटरचा पट्टा ठेवला, कारण बाहेरच्या जमिनीवरून उसळून छताला लागणारा उजेड खरा असतो आणि तो गेला तर खोली मरगळलेली दिसते. आता सीनचा गोल पावणेपाच मीटर त्रिज्येच्या आत आला, आणि हिशेब सात हजारांत एक असा. अकरा हजार पटीचा फरक, एक वस्तू छाटल्याने.

पुन्हा लावलं. पहिल्याच मिनिटात कवडशाची कड दिसली. पाच मिनिटांत आतल्या रेघा. सहकारी काही बोलला नाही, फक्त स्क्रीनच्या जवळ सरकला.

पण पेल्याच्या आरपार पाहिलं की मागचं टेबल अजून काळं. उघड्या टेबलावर कवडसा लखलखतोय, आणि जिथे तो पेल्याच्या काचेतून दिसायला हवा तिथे तो कापल्यासारखा थांबतो. कारण तेच, दोन्ही बाजूंनी. सूर्याचा किरण टेबलावर पोचला, पण तिथून कॅमेऱ्याकडे जोडायची रेषा काचेवर अडते. कॅमेऱ्याचा किरण काचेतून टेबलावर पोचला, पण तिथून सूर्याकडे जोडायची रेषाही काचेवर अडते. काच, टेबल, काच. मधला एकटा टेबलाचा बिंदू दोन्हीकडून कोंडलेला.

सहकाऱ्याने विचारलं, मग बायडायरेक्शनल इंजिन लावून पाहू का? पाहिलं. ते दोन्ही टोकांकडून किरण आणून मध्ये सांधतं, पण सांधायला लागोपाठ दोन अशा जागा लागतात ज्या सरळ रेषेने जोडता येतात, मध्ये काच न येता; कॅमेरा हीही तशी एक जागा. काचेमागच्या टेबलाला तशी जोडीदार जागाच नाही. उघड्या टेबलावर ते छान चाललं, काचेमागे तेही काळं. मेट्रोपोलिस सॅम्पलरही लावला. तो एकदा सापडलेल्या मार्गाच्या आसपास घुटमळतो, म्हणून कवडशांना उपयोगी पडतो खरा, पण पहिला मार्ग सापडायलाच इतका वेळ गेला की चित्राचे काही भाग उजळले आणि काही उपाशी राहिले. आधीच्या सोबोल नावाच्या सॅम्पलरवर परत आलो.

अशा कोंडलेल्या बिंदूसाठी जुनी, खणखणीत युक्ती आहे: फोटॉन मॅपिंग. १९९० च्या दशकात हेन्रिक वान येन्सन यांनी ती मांडली. सूर्याकडून आलेले किरण टेबलावर जिथे पडले तिथे त्यांची नोंद ठेवायची. नंतर कॅमेऱ्याचा किरण काचेतून टेबलावर आला की सूर्याकडे रेषा जोडायचीच नाही. आसपास ठरावीक त्रिज्येत किती नोंदी पडल्या आहेत ते मोजायचं. लक्सकोअरमध्ये हा कवडशांचा साठा वेगळा चालू करता येतो. त्रिज्या आधी एक सेंटिमीटर ठेवली, तर काचेमागचा कवडसा लोण्यासारखा पसरट आला. तीन मिलिमीटर केली आणि नोंदी वाढवल्या तेव्हा उघड्या भागाच्या रेघा काचेमागच्या रेघांना जुळल्या. साठा अधूनमधून नव्याने भरायला लावला, म्हणजे एकाच नोंदींचे डाग चित्रात कायम होत नाहीत.

एकच उजेड दोनदा तर मोजला जात नाही ना, ही शंका मनात होती. म्हणून दोन्ही पद्धती आलटून-पालटून बंद करून उघड्या टेबलावरच्या कवडशाची सरासरी चमक ताडून पाहिली. जुळली.

किरणांची खोली तेव्हाच मोजून ठरवली. त्याने एकूण सहा ठेवली होती. कॅमेऱ्याचा किरण भरलेल्या पेल्यातून जाताना काच, पाणी, पुन्हा काच, हवा अशा चार सीमा ओलांडतो, मग टेबल, मग परत पेल्यातून चार. नऊ इथेच झाल्या, आणि पेल्याच्या जाड बुडात किरण आतल्या आत फिरतो त्या वेगळ्या. एकूण १६, काच-आरशासारख्या उसळ्यांना १४, साध्या उसळ्यांना ५ ठेवल्या. बुडातला काळा गोळा नाहीसा झाला.

फिल्म आणि शेवटचा रेंडर

चाचण्या चालू असताना एक गोष्ट आम्हाला सतत फसवत होती: आपोआप ठरणारं एक्स्पोजर. एखादा जबरदस्त काजवा आला की सरासरी वर जाते आणि अख्खं चित्र अंधारतं. दोन चाचण्या शेजारी ठेवल्या तर कुठली उजळ हे सांगताच येत नाही. ते बंद करून कॅमेऱ्यासारखे ठरावीक आकडे दिले आणि शेवटपर्यंत त्यांना हात लावला नाही.

सूर्य आणि आकाश वेगवेगळ्या प्रकाशगटांत टाकले. दोघांचा उजेड स्वतंत्र साठवला जातो, आणि ऊन थोडं कमी, आकाश थोडं जास्त असा बदल रेंडर संपल्यावरही करता येतो. खिडकीतून येणाऱ्या आकाशासाठी दृश्यतेचा साठा चालू केला, म्हणजे किरण भिंतींच्या दिशेने वाया न जाता खिडकीकडे वळतात. कोपऱ्यांतले बारीक दाणे यानेच बरेच आवरले. फिल्मची रिझ्यूम फाइल ठरावीक वेळाने जतन होऊ दिली, कारण मध्येच वीज गेली किंवा मशीन बंद पडलं तर तिथूनच पुढे चालू करता यावं. फाइली बाहेर काढून कन्सोलवरून रेंडर लावला. ब्लेंडर उघडं ठेवण्याची गरजच नव्हती, आणि तेवढी मेमरी मोकळी राहिली.

डीनॉइझर शेवटी लावला, पृष्ठभागाचा रंग आणि नॉर्मल यांच्या थरांसह. त्या थरांमुळे त्याला लाकडाच्या रेषा आणि दाणे यांतला फरक कळतो. कवडशाच्या रेघा मात्र या दोन्ही थरांत नसतात, त्या फक्त उजेडात असतात. त्यामुळे कवडसा बऱ्यापैकी स्वच्छ होईपर्यंत मी डीनॉइझर चालू करू दिला नाही, आणि केल्यावरही मूळ चित्र शेजारी ठेवून दोन्ही पाहिली. एका बारीक रेघेचा शेवट त्याने पुसला होता. तिथे मूळ आणि साफ केलेलं चित्र अर्धं-अर्धं मिसळलं.

शेवटचा रेंडर साडेतीन तास चालला.

चित्र समोर आलं आणि सहकारी खूश झाला, पण मला काहीतरी खटकत होतं. कवडसा सुंदर होता, तरी पेल्यातल्या पाण्याच्या वरच्या कडेची सावली फार गुळगुळीत होती. मग आम्ही पाण्याने भरलेला खरा पेला उन्हात ठेवला आणि त्याची सावली बराच वेळ पाहिली. पाण्याच्या रेषेच्या जागी सावलीत एक बारीक गडद रेघ होती आणि तिला लागून उजळ कड. पाणी काचेला जिथे भेटतं तिथे ते सपाट नसतं. दोन-तीन मिलिमीटर वर चढून काचेला बिलगतं. आमच्या मॉडेलमध्ये पाण्याचा पृष्ठभाग कापल्यासारखा सपाट होता.

सहकाऱ्याने तो चढ काढला: कडेला पाच-सहा वळणांचा एक वर्तुळाकार उंचवटा, काचेत मिलिमीटरभर घुसलेला. बाकी काहीही न बदलता तेवढा टेबलाचा तुकडा पुन्हा रेंडर केला. गडद रेघ आली, तिच्यालगत उजळ कड आली. आम्ही उन्हातला पेला स्क्रीनशेजारी आणून ठेवला. त्याने रेंडरची फाइल जतन केली आणि उरलेलं चित्र रात्रीला लावून दिलं.